लाल शाई जांभळी का उमटते?

पत्र : मी नेरूळला राहते आणि माध्यमिक शाळेत शिकवते. माझ्याकडे दोन शाईपेने आहेत. एक अलीकडचे, धातूच्या नळीचे आणि कन्व्हर्टर, म्हणजे बाटलीतून शाई ओढून घेणारी छोटी सुटी नळी, बसणारे आहे. त्यात बरेच महिने निळी-काळी शाई होती. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासण्यासाठी त्यात लाल शाई भरायची म्हणून मी ते नळाखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतले, तरी अक्षर जांभळट उमटले आणि दोन-तीन दिवसांत पेन अडखळू लागले. दुसरे पेन वडिलांचे, एबोनाइटचे, ड्रॉपरने शाई भरायचे आहे. त्यात हिरवी शाई भरून पाहावी असे मनात आहे, पण धुताना ते बिघडेल अशी भीती वाटते. शाळेतले सहकारी स्पिरिट वापरा म्हणतात, शेजारच्या काकू गरम पाणी सुचवतात आणि पुतण्या अमोनियाचा आग्रह धरतो. नेमके काय करावे?

उत्तर :

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

आपल्याला सुचवलेल्या तीन उपायांपैकी पहिले दोन आजच बाद करावेत आणि तिसरा शेवटचा म्हणून बाजूला ठेवावा, एवढे आधी सांगतो. आपल्या पेनाला हवे आहे ते साधे पाणी, तेही योग्य दिशेने सोडलेले, आणि त्यानंतर वाळण्यासाठी पुरेसा वेळ. नळाखाली धरलेल्या पेनातून स्वच्छ पाणी येऊ लागले म्हणजे पेन स्वच्छ झाले, हा समज फार पसरलेला आहे आणि आपला जांभळा रंग त्या समजातूनच आलेला आहे.

शाईपेनात शाई दोन ठिकाणी असते. कन्व्हर्टरमधली किंवा नळीतली शाई डोळ्यांना दिसते आणि ती दोन-चार वेळा पाणी ओढून सोडले की निघून जाते. दुसरी शाई निबेच्या पाठीला चिकटून बसलेल्या काळ्या भागात, म्हणजे ज्याला फीड म्हणतात त्यात, मुरलेली असते. या फीडमध्ये केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यांतून शाई निबेकडे उतरते आणि तिच्या जागी हवा आत शिरते. लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली अमेरिकेत ज्या फीडचे पेटंट घेतले, त्याचे मर्म याच देवाणघेवाणीत होते. त्याशिवाय फीडच्या अंगावर एकावर एक पातळ पाकळ्या असतात. पेन गरम झाले किंवा धक्का बसला की जास्तीची शाई ठिपका होऊन कागदावर पडू नये म्हणून त्या ती धरून ठेवतात. शाई धरून ठेवणे हेच त्या भागाचे काम असल्यामुळे नळाच्या धारेला तो सहज दाद देत नाही. धार बाहेरून वाहून जाते, आतल्या खाचांतली शाई जागच्या जागी राहते, आणि आपण लाल शाई भरली की तीही शेवटी पाण्यातच कालवलेली असल्यामुळे जुनी शाई हळूहळू सोडवून स्वतःबरोबर घेऊन येते. निळ्या-काळ्या शाईचा रंग इतका दाट असतो की तिचा अगदी थोडा अंश लालाला जांभळे करण्यास पुरतो.

पेन अडखळू लागण्याचे कारण मात्र थोडे निराळे असावे, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. सगळ्या शाया एका जातीच्या नसतात. बहुतेक बाजारी शाया पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्यांच्या असतात, परंतु निळ्या-काळ्या शायांपैकी काही जुन्या पद्धतीच्या, लोहयुक्त असतात. त्यांत लोहाचा क्षार आणि मायफळासारख्या पदार्थांतून मिळणारे टॅनिन यांचा संयोग असतो, हवेशी संबंध आला की त्यांतले लोह ऑक्सिडाइझ होते आणि न विरघळणारा काळा साका तयार होतो. त्यामुळेच ते अक्षर कागदावर टिकते, आणि त्यामुळेच ते फीडमध्येही टिकून बसते. अशा शाया आम्लधर्मी असतात. उलट लाल शायांमध्ये इओसिन हे रंगद्रव्य अनेकदा वापरलेले असते आणि आम्ल लागले की ते विरघळलेल्या अवस्थेतून बाहेर पडून गाळासारखे खाली बसू लागते. आपल्या पेनात हेच घडले असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. म्हणूनच पेन धुण्याचा प्रश्न रंग शुद्ध दिसावा एवढ्यापुरता नाही. न जुळणाऱ्या दोन शाया एका फीडमध्ये भेटू नयेत, यासाठी तो महत्त्वाचा आहे.

आपली शाई लोहयुक्त होती की साधी, हे घरच्या घरी ओळखता येते. त्या शाईने काही आठवड्यांपूर्वी लिहिलेल्या एखाद्या वहीच्या पानावर पाण्याचा थेंब ठेवावा आणि मिनिटभराने टिपकागदाने टिपावा. रंग सगळा उतरून अक्षर पुसट झाले तर शाई साधी. निळा रंग गेला पण करडी-काळी रेघ ठाम राहिली तर शाई लोहयुक्त, किंवा क्वचित बारीक कणांची, म्हणजे पिगमेंटची, असे समजावे.

आता प्रत्यक्ष धुण्याकडे वळू. प्रथम धातूच्या पेनातली लाल-जांभळी शाई काढून टाकावी. ती बाटलीत परत ओतू नये, कारण एका पेनातली घाण पुढे पूर्ण बाटलीला लागते. मग कन्व्हर्टर लावलेलाच ठेवून निब पाण्यात बुडवावी आणि पाणी ओढून-सोडून तीन-चार वेळा खळबळून घ्यावे. इथे बहुतेक जण तासभर कन्व्हर्टर फिरवत बसतात. तो वेळ वाया जातो, कारण कन्व्हर्टर एका वेळी मिलीलिटरभरसुद्धा पाणी ओढत नाही आणि त्या पाण्याला जोरही नसतो. त्यापेक्षा औषधांच्या दुकानातून लहान बाळांचे नाक साफ करण्यासाठी मिळणारी रबरी फुग्याची पिचकारी आणावी. कन्व्हर्टर काढून टाकावा, पेनाच्या पुढच्या भागाच्या मागील तोंडाशी, जिथे कन्व्हर्टर बसतो तिथे, पिचकारीचे टोक घट्ट टेकवावे आणि पाणी मागून पुढे, निबेच्या दिशेने, दाबून सोडावे. शाई ज्या वाटेने जाते त्याच वाटेने पाणी जोराने गेल्यामुळे जे काम नळाखाली अर्ध्या तासात होत नाही ते पाच-सहा पिचकाऱ्यांत होते. निब सैल असेल तर ती उडू शकते, म्हणून बोटाने हलकेच धरून ठेवावी आणि हे सारे बेसिनमध्ये नव्हे तर बादलीवर किंवा तसराळ्यावर करावे. बेसिनच्या जाळीतून गेलेली निब परत मिळत नाही, आणि शाईचे शिंतोडे पांढऱ्या फरशीवरून काढताना पेन धुण्यापेक्षा अधिक श्रम होतात.

पाण्याविषयी दोन शब्द. नवी मुंबई महानगरपालिकेच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते आणि ते पेन धुण्यास पुरेसे चांगले आहे. मात्र आपल्या सोसायटीत टंचाईच्या दिवसांत टाकीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी मिसळत असेल, तर त्यातले क्षार वाळल्यावर फीडच्या खाचांत पांढरे कण सोडतात. अशा वेळी धुणे नळाच्या पाण्याने करावे आणि शेवटची एक-दोन खळबळणी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातल्या पाण्याने करावी. गीझरचे पाणी कधीच घेऊ नये. धातूच्या आणि साध्या प्लास्टिकच्या पेनाला बोटाला जेमतेम कोमट लागणारे पाणी चालते, त्यापुढे नाही.

पिचकारीनंतर निबेचा भाग, निब खाली करून, पेलाभर पाण्यात रात्रभर उभा ठेवावा. निब आणि फीड बुडतील एवढेच पाणी पुरे. सकाळी त्यातून निळसर धागे खाली उतरलेले दिसतील. पाणी बदलावे आणि पुन्हा काही तास ठेवावे. दोनदा पाणी बदलूनही रंग येत राहिला, तर पेलाभर पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एकच थेंब टाकून त्या पाण्याने पिचकारी मारावी आणि मग साबणाचा मागमूस राहणार नाही इतके साधे पाणी सोडावे, कारण फीडमध्ये साबण राहिला तर शाई जास्त वाहते आणि कागदावर फुटते.

आपली शाई लोहयुक्त ठरली तर मात्र साबणाऐवजी स्वयंपाकघरातले लिंबूसत्त्व घ्यावे. अर्धा कप पाण्यात त्याची चिमूट विरघळवून फीड अर्धा तास त्यात ठेवले की लोहाचा साका सैल होतो. क जीवनसत्त्वाची शुद्ध पूड मिळाली तर ती अधिकच चांगली, कारण ती लोहाला पुन्हा विरघळणाऱ्या रूपात आणते. लिंबाचा रस पिळून घालू नये, त्यातला गर आणि साखर ही नवी अडगळ होते. लिंबूसत्त्वाच्या आधीही आणि नंतरही साध्या पाण्याने नीट धुवावे, म्हणजे उरलेला इओसिनचा अंश आम्लाच्या वाटेत येणार नाही. अनेकांना हे कंटाळवाणे वाटेल, पण लोहयुक्त शाईवर थेट अमोनियाचे पाणी टाकले तर अल्कधर्मी पाण्यात लोहाचा गाळ आणखी घट्ट बसतो, हे पुतण्याला जरूर सांगावे.

अमोनियाला मी सरसकट वाईट म्हणत नाही. साध्या, रंगद्रव्याच्या शाया वर्षानुवर्षे वाळून दगड झालेल्या असतात तेव्हा तो उपयोगी पडतो. पण आपल्याकडे रसायनांच्या दुकानात मिळणारे अमोनियाचे द्रावण साधारण २५ टक्क्यांचे, म्हणजे फार तीव्र असते. वापरण्याची वेळ आलीच तर ५० मिलीलिटर पाण्यात एक मिलीलिटर एवढेच मिसळावे, खिडकी उघडी ठेवावी, हातमोजे घालावेत, पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ पेन त्यात ठेवू नये आणि ज्या मोरीत ब्लीच किंवा तसले जंतुनाशक नुकतेच ओतले असेल तिथे हे काम करू नये, कारण दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो. पितळ आणि ॲल्युमिनियम यांना अमोनिया खातो. आपल्या धातूच्या पेनाची नळी बहुधा पितळेचीच असेल. तेव्हा निबेचा भाग सुटा करून तेवढाच बुडवावा, आणि त्यातही आतले आटे पितळेचे दिसले तर हा विचार सोडून द्यावा.

स्पिरिट आणि नखांचा रंग काढण्याचे द्रव्य ही दोन्ही प्लास्टिकची शत्रू आहेत. ॲक्रिलिकच्या पेनावर स्पिरिटने बारीक तडे जातात, सेल्युलॉइडचे पेन एसिटोनमध्ये विरघळते. शाळेत प्रयोगशाळेची बाटली हाताशी असते म्हणून हा सल्ला दिला गेला असावा, पण तो मानू नये. आणखी एक जुनी सवय इथेच सांगून टाकतो : पेन अडखळले की निबेच्या चिरेत दाढीचे पाते घालायचे, हे आपल्या पिढीने वर्गात बाकावर बसून शिकलेले आहे. पात्याने निबेची दोन टोके कायमची फाकतात आणि चिरेच्या कडा खरवडल्या जातात. चिरेत कागदाचे तंतू अडकलेच असतील तर पितळेच्या अगदी पातळ, लवचीक पत्र्याची पट्टी हलकेच सरकवावी. ती नसेल तर काहीच घालू नये.

धुणे संपले हे पाण्याच्या रंगावरून ठरवू नये, असे मी वर म्हटले. ते पांढऱ्या कागदावरून ठरवावे. निबेचा भाग जाड टिश्यूत किंवा जुन्या सुती कापडात गुंडाळून, ताप पाहण्याचा पाऱ्याचा थर्मामीटर झटकतो तसा दोन-तीनदा झटकावा, आणि मग निब खाली टेकेल अशा रीतीने टिश्यूच्या घडीवर पेल्यात उभा करून ठेवावा. कागद फीडमधले उरलेले पाणी आपल्याकडे खेचतो आणि त्याबरोबर जो रंग येतो तो अगदी खरा असतो. नळाचे पाणी स्वच्छ दिसत असताना टिश्यूवर निळे फूल उमटलेले पाहून अनेकांना नवल वाटते. असे फूल दिसले की पुन्हा एकदा पिचकारी आणि पुन्हा टिश्यू. गडद निळ्यावरून लालाकडे, काळ्यावरून पिवळसर-नारिंगीकडे जाताना हा फेरा अनेकदा करावा लागतो. उलट फिक्या रंगावरून गडद रंगाकडे जायचे असेल, किंवा एकाच कंपनीच्या निळ्यावरून निळ्या-काळ्याकडे, आणि दोन्ही शाया साध्या असतील, तर कन्व्हर्टरने तीन-चार वेळा खळबळले तरी पुष्कळ झाले. सरसकट सगळ्यांनी प्रत्येक वेळी एवढा खटाटोप करावा असे माझे मुळीच म्हणणे नाही.

टिश्यू फक्त ओला झाला, रंगला नाही, की त्यानंतर वाळवणे आले. फीडमध्ये पाणी राहिले तर नवी शाई पातळ होऊन पहिली पाने फिकी येतात, आणि तो दोष लोक शाईला देतात. कोरड्या गावात एका दिवसात वाळणारे पेन आपल्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस घेते. पंख्याखाली, सावलीत, टिश्यूवर उभे ठेवावे. केस वाळवण्याचे यंत्र किंवा खिडकीतले ऊन वापरू नये. घाई असेल, आणि परीक्षेच्या दिवसांत ती असतेच, तर पूर्ण न वाळवता शाई भरावी आणि पहिला थोडा मजकूर कच्च्या कागदावर लिहून टाकावा. उत्तरपत्रिकेवर प्रयोग करू नये, एवढेच.

आता आपल्या वडिलांच्या पेनाविषयी, आणि इथे मी थोडा कडक बोलणार आहे. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. प्रकाश आणि पाणी यांनी त्याचा पृष्ठभाग ऑक्सिडाइझ होतो, काळ्याचा तपकिरी किंवा शेवाळी होतो; गरम पाण्याने तर काही मिनिटांतच. हा रंग मग पॉलिश करून, म्हणजे वरचा थर झिजवून, परत आणावा लागतो, आणि त्या झिजण्यात पेनावर कोरलेले नाव किंवा नक्षी जाते. काकूंचा सल्ला म्हणूनच या पेनापुरता तर अजिबात ऐकू नये. वडिलांचे पेन रात्रभर पाण्यात ठेवू नये, गार पाण्यातसुद्धा नाही. नळी उघडून शाई काढावी, ड्रॉपरने नळीत अर्ध्यापर्यंत पाणी भरावे, पेन बंद करून बोटांनी हलके हलवावे, पाणी ओतून द्यावे, आणि हे पाणी निवळेपर्यंत करावे. नळीच्या तळाशी रंग धरून बसला असेल तर काडीला गुंडाळलेल्या कापसाने पुसून घ्यावा. निबेच्या भागाला मागून पिचकारी मारता येते, कारण या पेनांचे मागचे तोंड उघडेच असते. ती थोडी थोडी, अनेक वेळा मारावी आणि प्रत्येक वेळी बाहेरचे अंग लगेच कोरडे पुसावे. लागलेच तर निबेचे टोक तेवढे, पाच-दहा मिनिटे, पाण्यात टेकवून ठेवावे.

या पेनांत निब आणि फीड नुसती दाबून बसवलेली असतात आणि सरळ ओढली तर निघतात, हे आपल्याला कुणी ना कुणी सांगेलच. ते खरे आहे, पण जुने एबोनाइट ठिसूळ होते, फीड ओढताना तुटते, आणि परत बसवताना निब केसभर जरी डावी-उजवी झाली तरी वडिलांच्या हाताला वळलेली तिची चाल जाते. नेहमीच्या धुण्यासाठी ती काढण्याचे काही कारण नाही. नळीच्या आट्यांवर मात्र, पुन्हा शाई भरण्यापूर्वी, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ थर द्यावा. त्याऐवजी व्हॅसलिन लावण्याची पद्धत जुनी आहे, पण ते उष्णतेने पातळ होऊन आत उतरते, आणि फीडला स्निग्ध थर बसला की शाई उतरत नाही.

राहिला प्रश्न हिरव्या शाईचा. माझे मत असे की वडिलांच्या पेनात एकच शाई ठेवावी, साधी, रंगद्रव्याची, निळी किंवा काळी, आणि त्यात रंग बदलूच नयेत. लाल आणि हिरव्यासाठी धातूचे पेन आहे. किंवा त्याहून चांगले म्हणजे लालासाठी एखादे स्वस्त तिसरे पेन घ्यावे. रंग बदलताना होणारा सगळा खटाटोप एका स्वस्त पेनाने वाचतो, आणि शिक्षकांना लाल शाई वर्षभर लागतेच. चमकीच्या आणि पिगमेंटच्या शाया या दोन्ही पेनांपासून दूर ठेवाव्यात, त्यांचे कण पाण्यात विरघळतच नाहीत. आणि शाईच लिहिता लिहिता पेन स्वच्छ करते, असे कुणी म्हटले तर हसून सोडून द्यावे. पार्कर कंपनीने १९३१ साली बाजारात आणलेल्या क्विंक शाईची जाहिरात असा दावा करत असे. योगायोगाने त्याच साली गिरगावात दांडेकर बंधूंनी हॉर्स ब्रँड शाईची पूड आणि वड्या काढून पुढच्या कॅम्लिनचा पाया घातला. शाया दोन्हीकडच्या उत्तम निघाल्या, पण पेने तेव्हाही धुवावी लागत आणि आताही लागतात.

धुतलेले पेन लगेच वापरायचे नसेल तर त्यात शाई भरून ठेवू नये. कोरडे करून टोपण सैल लावून ठेवावे. वापरात असलेले पेन, रंग बदललेला नसला तरी, दोन-तीन महिन्यांनी एकदा साध्या पाण्याने खळबळावे. बाटलीतल्या शाईवर पावसाळ्यात तवंग किंवा दोऱ्यासारखी बुरशी दिसली तर ती बाटली टाकून द्यावी आणि तिची शाई ज्या ज्या पेनात गेली ती सगळी वरच्या पद्धतीने धुवावीत.

एवढे करूनही धातूचे पेन अडखळत राहिले, तर स्वतः निब ओढू नये. हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईला सीएसएमटीला जावे. फोर्टमध्ये पेनांची जुनी दुकाने आहेत. तिथे पेनाबरोबर निळ्या-काळ्या शाईची बाटलीही न्यावी आणि आपण ते कशाकशाने धुतले हे न लपवता सांगावे, कारण दुरुस्ती करणाऱ्याला पुढचा उपाय त्यावरूनच ठरवता येतो.